तिकीटवाल्यांनो, बैठकीला येताना या चुका टाळा

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या रविवारच्या बैठकीत भडंगाची ताटली आणि उघडा अल्बम एकाच टेबलावर आले की समजावं, आज कुणाचं तरी तिकीट बाद होणार. भडंगात तेल, लसूण, तिखट, हळद सगळं असतं आणि बोटांवरून ते कागदावर उतरतं. तेल एकदा कागदात मुरलं की निघत नाही. तिकीट मिंट, म्हणजे न वापरलेलं, असेल तर बोटाच्या ओलीने मागच्या गमवर, म्हणजे डिंकावर, ठसा उमटतो आणि तिकिटाची किंमत तिथल्या तिथे उतरते. साताऱ्याची मंडळी कंदी पेढे आणतात, तो प्रकार आणखी वाईट. तूप लगेच दिसत नाही. दोन महिन्यांनी तिकीट उजेडात धरलं की कागदातून आरपार दिसणारा गोल डाग सापडतो आणि तो कुणाच्या बोटाचा, यावर वाद होतो. सांगलीकर अशा वेळी हमखास म्हणणार, "तिकिटाला हळद लागली, आता उजवून टाका." विनोद झकास आहे. फक्त ज्याचं तिकीट गेलं त्याला हसू येत नाही.

खाणं दुसऱ्या खोलीत ठेवा. नंतर साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा आणि एवढं करूनही तिकिटाला चिमटाच लावा. भुवया कोरायचा चिमटा चालत नाही, त्याच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात आणि त्या कागदावर उमटतात. तिकिटाच्या चिमट्याची टोकं चपटी, गोलसर आणि आतून गुळगुळीत असतात. कोपऱ्याला धरून उचललं की कोपरा मुडपतो, म्हणून चिमटा तिकिटाच्या बराच आतपर्यंत सरकवून मग उचला. दुसऱ्याचा अल्बम असेल तर पानं मालकानेच उलटायची. "जरा काढून बघू का?" असं विचारल्याशिवाय स्टॉक बुकच्या, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायच्या वहीच्या, पट्टीतून काहीही ओढायचं नाही.

पाकिटावरून तिकीट कापणं

ही चूक सांगून सांगून जिभेला फोड आले. वाईच्या एका जुन्या वाड्यात माळ्यावर ट्रंक निघाली, आत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चाळीसेक पत्रं. घरातल्या उत्साही पोराने नखं कापायच्या कात्रीने एकूणएक तिकीट कापलं, अगदी कडेच्या दात्यांना चिकटून, दोन-चार ठिकाणी दातेही उडवून. ती सगळी अर्ध्या आण्याची निळी तिकिटं त्याने गोळ्यांच्या डबीत घालून बैठकीला आणली. उरलेला कागद बंबात गेला होता. आंघोळीचं पाणी छान तापलं असणार.

नेमकं काय जळालं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा कात्री उचलणार नाही. अर्ध्या आण्याचं निळं 'ईस्ट इंडिया' तिकीट सुटं असेल तर ढिगाने मिळतं, त्यासाठी कुणी साताऱ्याहून पुण्यालाही जाणार नाही. पण १८५५ पासून पुढे बरीच वर्षं पोस्टात दोन वेगळे शिक्के मारत. तिकीट रद्द करणाऱ्या शिक्क्यात रेघांच्या मध्ये नुसता आकडा असायचा. गावाचं नाव आणि तारीख दुसऱ्या शिक्क्यात, तो पाकिटावर दुसरीकडे किंवा मागच्या बाजूला. तिकीट कापलं की हातात उरतो आकडा. पत्र कुठून निघालं, कधी निघालं, वाटेत कुठे थांबलं, पोचलं कधी, हे सगळं पाकिटाबरोबर गेलं. जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'टी' असलेला साताऱ्याचा शिक्का पाकिटावर स्वच्छ उमटला असेल, तर त्या पाकिटापुढे सुट्या तिकिटांचा डबा काहीच नाही. वाईकडच्या पोरांना एवढंच सांगायचंय की कात्री आईच्या शिवणाच्या डब्यातच राहू द्या. पाकीट आहे तसं, घडीही न मोडता आणा. आत पत्र असेल तर ते आतच राहू द्या.

रोजच्या नव्या टपालातली तिकिटं कापायला हरकत नाही. चारही बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर कागद सोडून कापा, मग उथळ भांड्यात साध्या किंवा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तिकीट आपोआप सुटून खाली सरकलं पाहिजे. ओढायचं नाही. लाल, हिरव्या किंवा खाकी पाकिटाचा रंग पाण्यात उतरतो, म्हणून त्यांचं भांडं वेगळं. सुटलेलं तिकीट स्वच्छ पाण्यात एकदा बुडवून पाठीवरचा उरलेला डिंक घालवा. मग चित्र खाली करून पांढऱ्या टिपकागदावर ठेवा. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. अर्धवट वाळलं की दोन टिपकागदांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर. घाई झालेले लोक इस्त्री फिरवतात किंवा केस वाळवायचं यंत्र लावतात आणि मग वळलेलं तिकीट घेऊन "हे असंच आलं होतं" म्हणतात. तसं येत नाही हो.

२००६ चं चंदनाच्या वासाचं आणि २००७ चं गुलाबाचं तिकीट पाण्यात घालू नका, वास जातो. २०११ ची खादीवर छापलेली गांधीजींची शीट कापडाची आहे, तिला भिजवायचा विचारही मनात आणू नका. स्टिकरसारखी चिकटणारी तिकिटं पाण्यात सुटतीलच असं नाही, ती कागदासकट नीट कापून तशीच ठेवा.

आधी हसणं, मग बघणं

सातारा-सांगलीकडच्या बैठकीत ठरलेली फजिती म्हणजे कोर्ट फी, कोर्टाच्या कागदांवर लावायची तिकिटं. कुणीतरी आजोबांच्या पेटीतून 'सांगली संस्थानचं दुर्मिळ पोस्टाचं तिकीट' घेऊन येतं. सांगली, औंध, फलटण या संस्थानांनी टपालाची तिकिटं काढलीच नाहीत. त्यांची निघाली ती कोर्ट फीची. जुन्या सातारा राज्याच्या जहागिरींपैकी टपालाची तिकिटं काढणारं संस्थान म्हणजे भोर. १८७९ मध्ये अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं, दोन्ही हाताने ठसा मारून छापलेली, दात्यांशिवाय. त्यांच्या नकलाही फिरतात, त्यामुळे 'भोर' शब्द दिसला म्हणून लगेच पैसे काढायचे नाहीत.

आणणाऱ्याची चूक साधी आहे. तिकिटावरचं अक्षर न् अक्षर दहापट भिंगाखाली वाचायचं, मग तोंड उघडायचं. 'कोर्ट फी' हे शब्द बहुधा तिकिटावरच असतात. आकार मोठा असतो, बऱ्याचदा दस्ताचा तुकडा मागे चिकटलेला असतो.

पण मोठी चूक हसणाऱ्यांची. असंच एक कॉलेजातलं पोरगं आलं होतं, फायलीत वीसएक संस्थानी कोर्ट फी, काही पूर्ण दस्तांवर. प्रत्येकाला मधोमध भोक. एक ज्येष्ठ म्हणाले, "बाळा, हे उंदराने खाल्लंय." दुसरे म्हणाले, "याची कवळी शोध आधी, मग बैठकीला आण." सगळे हसले. पोरगं फाईल मिटून निघून गेलं, पुन्हा फिरकलं नाही, आणि फाईल रद्दीत घातली. दोन-तीन महिन्यांनी बाहेरगावचे एक जण आले, ते फक्त संस्थानी कोर्ट फी आणि रेव्हेन्यूची, म्हणजे महसुली, तिकिटंच जमवणारे. त्यांना सांगली संस्थानचे दस्तच हवे होते, बदल्यात त्यांच्याकडे चांगलं बरंच होतं. मग हसणाऱ्यांपैकी दोघे रद्दीवाल्याकडे गेले. माल केव्हाच पुढे गेला होता.

भोकाचं म्हणाल तर ते असायलाच हवं. १८७० च्या कोर्ट फी कायद्यातच, ३० व्या कलमात, तिकीट पंच करून रद्द करायचं आणि रकमेचा आकडा मात्र शाबूत ठेवायचा असं लिहिलंय. संस्थानांतही तीच रीत दिसते. म्हणजे उंदराची थट्टा करणाऱ्यांचंच वाचन कमी पडलं.

टिंगल बंद करा असं कोण म्हणतंय? टिंगल नसेल तर या छंदात उरतं काय, चिमटा आणि डास. सातारकराने छाती काढून सांगावं की आशियातलं पहिलं तिकीट आमच्या फ्रिअरसाहेबाचं. साताऱ्याचा रेसिडेंट आणि १८४८ ला राज्य खालसा झाल्यावर कमिशनर असलेला बार्टल फ्रिअर पुढे सिंधचा कमिशनर झाला आणि १८५२ ला त्याने सिंध डाक हे तिकीट काढलं, हे खरंच आहे. सांगलीकराने त्यावर म्हणावं, "बरं, मग साताऱ्यात किती जणांकडे आहे? काढा बघू खिशातून." हे दोन मुरलेल्यांचं भांडण आहे, त्यात चहा रंगतो. पण पहिल्यांदा आलेल्याला आधी सांगायचं की हातात काय आहे, कुठल्या शाखेत बसतं, कुणाला विचारायचं. कवळीचा विनोद तिसऱ्या बैठकीला. आणि सिंध डाकेची बढाई ऐकून कुणी प्रदर्शनाच्या पानावर 'आशियातील पहिले तिकीट, सातारा' असं लिहू नका. शाळेतल्या एका पानावर ते दिसलंय.

"काका, ह्याचं किती येईल?"

ओळख व्हायच्या आत हा प्रश्न विचारला की समोरचा मनातून दहा पावलं मागे जातो. कॅटलॉगातला भाव हा निर्दोष तिकिटाचा, तोही विक्रेत्याने मागायचा. दाता तुटला, पाठ पातळ झाली, हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचा, डाग राहिला की तो भाव तुमचा नाही. आधी तिकीट ओळखा, अवस्था लिहा, मग किंमत विचारा. दोघांची अदलाबदल चालू असताना मध्येच "मी जास्त देतो" म्हणणाऱ्याला तर चहा पण देऊ नये.

टपालाने तिकिटांची अदलाबदल करताना

इथे मैत्र्या तुटतात, म्हणून सवय लावून घ्या. यादी आधी जाते: वर्ष, किंमत, मिंट की वापरलेलं, हिंज लागलंय का, दोष काय. दोन्ही बाजूंचे फोटो. मोठ्या स्मारक तिकिटाला मोठं स्मारक, रोजच्या वापरातल्या छोट्याला छोटं. सावित्रीबाईंचं १९९८ चं दोन रुपयांचं देऊन कुणाकडून संस्थानी तिकीट मागणं म्हणजे भोळेपणा नव्हे, तोंडवळा साधा ठेवून केलेली लबाडी आहे. पाठ पातळ आहे का ते बघायला तिकीट दिव्यापुढे धरा, पातळ जागा उजळ दिसते. तो दोष दिसूनही यादीत न लिहिणारे आपल्यातच आहेत.

बांधणी अशी. तिकिटं ग्लासीनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या, पाकिटात, ते जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन जाड तुकड्यांमध्ये. चिकटपट्टी तुकड्यांना लावा, ग्लासीनला नाही, आणि पट्टीचं टोक दुमडून ठेवा म्हणजे उघडणाऱ्याला कात्री लागत नाही. बाहेरच्या पाकिटावर भारी स्मारक तिकिटं लावायची असतील तर वरच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून एक सेंटिमीटर आत. खिडकीवर नम्रपणे सांगा, "साहेब, हाताने गोल शिक्का मारा, जरा स्वच्छ." नाहीतर बॉलपेनाची रेघ येते. २०२५ मध्ये जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर जुन्या वेगळ्या रजिस्टर पोस्टाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पाकीट मिळाल्यावर आठ दिवसांत उत्तर. न जुळलेली तिकिटं आपल्या खर्चाने परत.

एकेका ओळीत

जिभेने हिंज चाटू नका, ओल्या ब्रशचं टोक पुरतं. सेलोटेप लावलेलं तिकीट मेलं म्हणून समजा. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पानांत तिकीट ठेवू नका. दाते 'साधारण' मोजू नका, दोन सेंटिमीटरमध्ये किती येतात ते गेजवर बघा. १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट कुणी शंभर-दोनशे रुपयांत दिलं तर भिंग काढा: खरं तिकीट स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉझिए छापखान्याचं, फोटोग्रॅव्ह्युअर छपाईचं, दाते साडेअकरा. नकलेत भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची फुलं दिसतात.

पावसाळा

महाबळेश्वर, पाचगणी, कोयनेकडच्या मंडळींनी जून ते सप्टेंबर मिंट तिकिटं बैठकीला आणूच नयेत, गम हवेतली ओल पितो. अल्बम आडवे एकावर एक रचू नका, उभे ठेवा, कपाटात सिलिका जेलची पुडी टाका, ऊन पडेल त्या दिवशी तासभर पंख्याखाली उघडा. थेट उन्हात नको, रंग उडतो. सांगलीत तर २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितल्यावरही पलंगाखालच्या ट्रंकेत अल्बम ठेवणारे आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही. भिजलेला अल्बम पाणी निथळल्यावर घाईने उघडू नका, पानं फाटतात. एकेक पान टिपकागद घालत सोडवा. एकमेकांना चिकटलेली मिंट तिकिटं सरळ पाण्यात टाका, गम जाईल पण चित्र वाचेल. ती पुढे अदलाबदलीत देताना 'गम नाही' असं लिहा, तेही ग्लासीनच्या पाकिटावर पेन्सिलने, आणि तिकीट आत घालायच्या आधी. तिकिटाच्या पाठीवर नव्हे.