डिफेंडरला घाई परवडत नाही: ग्वाल्हेरहून लीगपर्यंत जाऊ पाहणाऱ्यांसाठी

हॉकीत डिफेन्सला खेळणारी मुलगी घरात असली की आईवडिलांना एकच काळजी असते, आणि इथल्या मराठी घरांत ती मला "ताई, जरा खरं सांगा" म्हणून हक्काने ऐकवली जाते. ही गोल मारत नाही, पेपरात नाव येत नाही, मग निवडणाऱ्यांच्या नजरेत भरणार कशी? भरते. उशिरा भरते, पण भरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला तेव्हा सगळ्यात मोठी बोली डिफेंडरवरच लागली. हरमनप्रीत सिंगला सूरमा हॉकी क्लबने ७८ लाखांना घेतलं. मुलींची लीग तर पहिल्यांदाच होत होती, संघ चारच होते, आणि त्यातही सगळ्यात महाग ठरली ती उदिता, तीसुद्धा डिफेंडर, ३२ लाखांना. आपल्या ग्वाल्हेरची इशिका चौधरी डिफेन्सला खेळूनच २०२२ च्या वर्ल्ड कपला गेली. म्हणजे वाट आहे, आणि आपल्या गावातूनही आहे.

पण त्या लिलावानंतर जे सुरू झालं त्याने मला झोप लागेना. बारा-तेरा वर्षांची पोरं एकदम ड्रॅग-फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत गोलकडे जोरात फेकणं, मागायला लागली. लिलावात पैसा हरमनप्रीतसारख्या फ्लिकरला मिळतो हे खरं आहे, नाकारत नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला रोज पन्नास-पन्नास फ्लिक मारायला लावणारा कोच मला दिसला की मी त्याच्याशी भांडते. त्या एका हालचालीत सगळा पीळ कंबरेत पडतो, आणि कंबर त्या वयात तयार नसते. फोनवरचे व्हिडिओ बघून फ्लिक शिकवणाऱ्यांचं तर मी नावच काढत नाही. आधी ट्रॅपिंग (बॉल अडवून धरणं), आधी पास, आधी पाय. सोळाव्या वर्षी सुरू केलं तरी फ्लिक येते. तोपर्यंत न आलेला डिफेन्स मात्र पुढे सहसा येत नाही.

आता मूळ मुद्दा. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी उमेदीची वर्षं यानेच खाल्ली आणि आजही दर सीझनला कुणी ना कुणी यात अडकलेलं मला दिसतं.

शाळेच्या आणि जिल्ह्याच्या मॅचमध्ये फॉरवर्डच्या स्टिकवर बॉल नीट टिकत नाही. डिफेंडरने पुढे झेपावून जॅब मारला, म्हणजे स्टिक एकदम बॉलकडे खुपसली, की दहातले सात-आठ बॉल मिळतात. बाहेरून टाळ्या पडतात, कोच "शाबास" म्हणतो, आणि मुलीच्या डोक्यात पक्कं बसतं की डिफेंडरचं काम म्हणजे जाऊन बॉल काढणं. सब-ज्युनियरपर्यंत हे चालतं. मग ती ज्युनियर कॅम्पला जाते, पाणी मारलेल्या टर्फवर, आणि समोरची फॉरवर्ड त्या जॅबचीच वाट बघत उभी असते. जॅब आला की बॉल उजवीकडे ओढायचा आणि निघून जायचं, इतकंच तिचं काम. डिफेंडरचं वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं, वळेपर्यंत फॉरवर्ड डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात. मग ही मागून पळते, घाबरून स्टिक घालते, आणि शिट्टी वाजते. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्यांना गोलची मोठी संधी.

हे नीट समजून घ्या. २३ च्या लाइनपासून (गोलच्या बाजूच्या कडेपासून साधारण २३ मीटरवरची रेघ) डीच्या टोकापर्यंत सरळ मोजलं तर सव्वाआठ मीटरच अंतर असतं. या पट्ट्यात मुद्दाम केलेला फाऊलसुद्धा पेनल्टी कॉर्नर देतो, आणि डीच्या आत तर चुकून पायाला लागलेला बॉलही. हाफ लाइनवर तुमची झेप चुकली तर फ्री हिट जाते, इथे चुकली तर गोल जातो. म्हणून या सव्वाआठ मीटरमध्ये डिफेंडरचं पहिलं काम बॉल काढणं नसतं, फॉरवर्डला उशीर करवणं असतं. तीन सेकंद. तीन सेकंदांत तुमची मिडफिल्डर परत येते, फॉरवर्डचा पास बंद होतो, तिची मान खाली जाते. मान खाली गेली, बॉल स्टिकपासून हातभर सुटला, की मग टॅकल. त्याआधी नाही.

आम्ही याचा एक सराव घेतो. पाच पावलं रुंदीची गल्ली कोन लावून आखायची, २३ च्या लाइनपासून डीपर्यंत. फॉरवर्ड बॉल घेऊन येणार. डिफेंडरला चार सेकंद टॅकल करायला बंदी. फक्त मागे सरकायचं, गुडघे वाकवून, स्टिक जमिनीवर, खोट्या जॅबने तिला हळू करत. मी मोठ्याने आकडे मोजते. गेल्या थंडीत धुकं इतकं होतं की समोरचा गोलपोस्ट धड दिसत नव्हता, आणि लष्कर भागातली एक नवीन मुलगी दर खेपेला "दोन" म्हणायच्या आत झेपावत होती. थांबवलं तर म्हणाली, "ताई, पण बॉल समोरच होता ना!"

"होता. आता कुठे आहे?"

बॉल तिच्या मागे गोलच्या फळीला लागून पडला होता. ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला "तीन"पर्यंत थांबली, आणि फॉरवर्ड स्वतःच कोनावर जाऊन आदळली. टॅकल न करता जिंकता येतं हे त्या दिवशी तिच्या पायांना कळलं. पायांना कळावं लागतं, नुसतं सांगून उपयोग नाही.

यात एक अडचण अशी आहे की निवडणारे नेहमी हे बघत नाहीत. एका खात्याच्या ट्रायलमध्ये माझ्यासमोर दहा-दहा मिनिटांचे गट खेळवले आणि कागदावर टॅकल मोजले. संपूर्ण वेळ आपली बाजू बंद ठेवणारी मुलगी, जिच्याकडे फॉरवर्ड आलीच नाही, तिच्या नावापुढे शून्य. मला अजून त्याचा राग आहे. तरी सांगते, ट्रायलसाठी सवय बिघडवू नका. एखादी ट्रायल जाईल. कॅम्पमध्ये मात्र दोन आठवड्यांत सगळं उघडं पडतं, आणि तिथे टिकते ती उशीर करवणारीच.

लेफ्ट बॅकसाठी, म्हणजे डाव्या बाजूच्या डिफेंडरसाठी, हे दुप्पट कठीण आहे. हॉकीत स्टिकची एकच बाजू चालते, त्यामुळे डिफेंडरची ताकद तिच्या उजव्या हाताला असते. राइट बॅकने डावा पाय पुढे ठेवून फॉरवर्डला आपल्या उजवीकडे ढकललं की ती साइडलाइनकडे जाते, काम झालं. लेफ्ट बॅकची उजवी बाजू म्हणजे मैदानाचा मधला भाग, थेट डी. तिकडे ढकललं तर गोल, आणि बाहेर ढकलायचं तर टॅकल रिव्हर्सने, म्हणजे स्टिक उलटी वळवून, करावा लागतो, एका हाताने, खाली बसून. मी लेफ्ट बॅक होते, म्हणून सांगते: ज्या मुलीला या जागेवर टाकलंय तिला रोज वेगळी वीस मिनिटं रिव्हर्सची द्या. कोच देत नसेल तर मागा. "जागा रिकामी आहे म्हणून हिला तिकडे टाका" असं म्हणणारे भरपूर भेटतात, शिकवणारे थोडे.

थांबून केलेला डिफेन्स काय करू शकतो हे बघायचं असेल तर पॅरिस ऑलिंपिकमधली ४ ऑगस्ट २०२४ ची ग्रेट ब्रिटनविरुद्धची क्वार्टर फायनल पुन्हा बघा. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं. आपला पहिला रशर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला फटका अडवायला सगळ्यांत आधी धावणारा, डिफेन्सचा कणा, बाहेर. चाळीस मिनिटांहून जास्त वेळ दहा जण खेळले, मॅच १-१ राहिली आणि शूटआऊटमध्ये आपण ४-२ ने जिंकलो. श्रीजेश गोलमध्ये होता हे आहेच. पण तुम्ही श्रीजेशकडे न बघता त्याच्या पुढच्या रांगेकडे बघा. कोण झेपावतंय? जवळजवळ कुणीच नाही. एक माणूस कमी असताना झेप चुकणं परवडतच नाही, म्हणून सगळे सरकत राहतात, मधली जागा बंद ठेवतात, ब्रिटनला बाहेरून खेळायला लावतात. आणि त्या कार्डाची किंमतही बघा: रोहिदास सेमी फायनलला खेळू शकला नाही, जर्मनीकडून आपण २-३ ने हरलो. कार्ड ही गोष्ट डिफेंडरने फार गंभीरपणे घ्यावी. ग्रीन म्हणजे दोन मिनिटं बाहेर, यलो म्हणजे किमान पाच. जी पोर दर दोन मॅचमागे एक कार्ड घेते तिला कुठलाही प्रोफेशनल कोच नियमित खेळवणार नाही, ती कितीही शूर असो.

रशिंगबद्दल थोडक्यात: मास्क, ग्लोव्ह्ज आणि गुडघ्याचे पॅड नसतील तर पेनल्टी कॉर्नरला मुलीला धावू देऊ नका. दीडशे ग्रॅमहून जड बॉल असतो तो. मैदानावर किट नाही म्हणत असतील तर त्या दिवशी रशिंगचा सराव नाही, विषय संपला.

बॉल मिळाल्यानंतरचा पास हा दुसरा मोठा भाग, आणि इथे घाबरण्यासारखं काही नाही. तो कुणालाही शिकता येतो. टॅकल जिंकून बॉल समोरच्यांनाच परत देणारी डिफेंडर लीगमध्ये बेंचवर बसते. बॉल अडवायच्या आधी मान वर करून एकदा आपली राइट हाफ कुठे आहे ते बघून ठेवायचं. स्लॅप पास (स्टिक जमिनीलगत फिरवून मारलेला), ओव्हरहेड (डोक्यावरून उंच टाकलेला), दोन्ही आले पाहिजेत. भिंतीवर बॉल मारून परत ट्रॅप करायचा सराव घराच्या गच्चीवरही होतो. मी दौलतगंजच्या वाड्यातल्या चौकात केलाय, शेजारच्या आजी ओरडायच्या तरी.

आता वाटेबद्दल. मुलींचं नशीब चांगलं, राज्याची महिला हॉकी अकादमी इथेच, ग्वाल्हेरला आहे. २००६ पासून आहे. मुलाला मात्र राज्याच्या अकादमीसाठी भोपाळ गाठावं लागतं, आणि ते घर सोडणं सोपं नसतं. नीलकांत शर्मा मणिपूरहून भोपाळला येऊन घडला, विवेक सागर प्रसाद इटारसीहून, हे घरच्यांना जरूर सांगा. पण हेही सांगा की लीग वर्षातले काही आठवडेच असते. २०२४ च्या लिलावात एका संघात २४ जणांत आठ परदेशी, उरलेल्यांत चार ज्युनियर घ्यावेच लागत होते, म्हणजे तरुणांना दार उघडं होतं. मात्र घेतलं जाणं वेगळं आणि खेळवलं जाणं वेगळं. त्या लिलावात सगळ्यात खालची मूळ किंमत दोन लाख होती. त्यावर वर्षाचं घर चालत नाही. घर चालतं ते रेल्वे, बँका, तेल कंपन्या, सैन्यदल यांच्या नोकरीवर. म्हणून बारावी सोडू नका. इथे एलएनआयपीई, म्हणजे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, १९५७ पासूनची, देशभरातून मुलं शिकायला येतात. दारातली संस्था आपल्याच मुलांना माहीत नसते याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

वयाचा खोटा दाखला काढून देतो म्हणणारा "हितचिंतक" भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. सोळाखालच्या गटात अठराची मुलगी खेळली की ती ताकदीवर जिंकते, थांबायला शिकत नाही, आणि खऱ्या वयाच्या फॉरवर्डसमोर उभी राहिली की उघडी पडते. पकडली गेली तर बंदी वेगळीच. तसंच, उन्हाळ्यात चार दिवस येऊन "मी लीगपर्यंत नेतो" म्हणणाऱ्या मोठ्या नावांपेक्षा रोज पहाटे साडेपाचला शिट्टी घेऊन उभा राहणारा साधा कोच मला शंभरपट जास्त वाटतो. तो जर डिफेन्सला खेळलेला असेल तर त्याला सोडूच नका. फॉरवर्ड राहिलेले कोच आम्हाला "अटॅक कर" एवढंच सांगत राहतात.

सतराव्या-अठराव्या वर्षी एक काळ असा येतो की फॉरवर्ड मैत्रिणी पुढे जातात आणि डिफेंडर राखीव यादीतच राहते. तेव्हा घरात कुणी "सोड आता" म्हणू नये. या जागेवर नजर बसायला मॅच खेळाव्या लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. त्या वर्षात मिळेल ती मॅच खेळा, सिंधिया गोल्ड कपसारखी स्पर्धा गावात असेल तर सकाळपासून जाऊन बसा, एकाच फुल बॅकवर नजर ठेवा, बॉल दुसरीकडे असताना ती कुठे उभी राहते ते वहीत लिहा.

आणि कुठल्या खात्याला किंवा क्लबला व्हिडिओ पाठवणार असाल तर नुसत्या टॅकलचे तुकडे जोडू नका. एक अख्खा क्वार्टर पाठवा, पंधराच्या पंधरा मिनिटं, कॅमेरा उंचावरून आणि मागची पूर्ण रांग दिसेल असा. ज्याला डिफेन्स कळतो तो तेवढंच मागतो.