परदेशी गेलेल्या घराची गोष्ट मुलांसाठी लिहायची तर

नव्या देशात बस्तान बसवणाऱ्या कुटुंबावर मुलांची कादंबरी लिहायची असेल, तर आईवडिलांच्या आधी पोरांशी बोला. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागात अशी पोरं शोधावी लागत नाहीत. दुष्काळी पट्ट्यातली इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात, शिरली आणि केरळ-तमिळनाडूपासून नेपाळपर्यंत दुकानं घालून बसली. यात्रेला, सुट्टीला ती गावी येतात. मीही गलाईवाल्याच्याच घरातली. पहिली-दुसरी त्रिशूरला झाली. मोठी माणसं भाडं, गिऱ्हाईक, गावी धाडलेले पैसे यांचं सांगतात. पोरं सांगतात, डबा उघडल्यावर शेजारचा काय म्हणाला, आणि शू लागल्याचं बाईंना सांगता येईना म्हणून मधल्या सुट्टीपर्यंत कसं दाबून धरलं. ते सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

देश एकच निवडा आणि तिथला रोजचा दिवस समजून घ्या. समजा, विट्याचं घर जर्मनीला गेलं. तिथं रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी दूध राहिलं की रविवारचा चहा गेला. एक प्रकरण तिथंच सुरू होतं. पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हातात खाऊ-पेन्सिलींनी भरलेला मोठा कागदी शंकू असतो, तो घरचे देतात. हे आपल्या नायिकेच्या घरी कुणी सांगितलंच नसेल तर? सगळ्या वर्गात ती एकटीच रिकाम्या हातानं उभी. हा प्रसंग घाईत उरकू नका. आईला किती वाईट वाटलं हे सांगत बसू नका. पर्स चाचपणारे तिचे हात दाखवा.

सुरुवातीला जर्मन बाईंचं बोलणं नायिकेला कळेल तेवढंच कागदावर येऊ द्या: आवाज, हातवारे, मध्येच स्वतःचं नाव. पुढं तीच दवाखान्यात पप्पांची दुभाषी होते. डॉक्टरांचं सगळं ती पप्पांना सांगते, की काही गाळते? माझ्या मते अशा कादंबरीचं काळीज इथं आहे. निदान दोन प्रकरणं द्याच.

आज्जीचा व्हिडिओ कॉल एखादाच पुरे. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक हिवाळ्यात साडेचारचा का होतो, हे नातीनं आज्जीला समजावावं.

प्रकरण झालं की पाचवी-सहावीच्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवा. चुळबुळ सुरू होईल त्या ओळीवर पेन्सिलीची खूण करा. बहुतेकदा तिथं आपण उपदेश करत असतो. ती ओळ काढा आणि पुढचं पान वाचायला त्यांच्यातल्याच एकाला द्या.