फ्लायव्हील यूपीएस बसवताय? आधी डीजीचा (डिझेल जनरेटरचा) टायमर बघा

"साहेब, लाइट गेल्यावर हे किती वेळ चालेल?" महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत फ्लायव्हील यूपीएसबद्दल, म्हणजे बॅटरीऐवजी फिरत्या जड चाकात ऊर्जा साठवणाऱ्या यूपीएसबद्दल, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर खिशातच असतं. पूर्ण लोडवर १५ सेकंद. ऐकून तोंडं उतरतात. २५० किलोवॅट १५ सेकंद द्यायचे म्हणजे हिशेबाने जेमतेम एक युनिट, महावितरणच्या बिलात मोजतात तेच. चाकाने डीजी उठेपर्यंत दम धरायचा, एवढंच त्याचं काम.

एका कारखान्याने बॅटऱ्या काढून फ्लायव्हील घेतला, जुन्या पॅनेलला मात्र हात लावला नाही. जुलैत लाइट गेली. डीजी अठराव्या सेकंदाला व्यवस्थित आला, लोड पंधराव्यालाच पडला होता. रात्री अकराला मला फोन: "तुमचं चाक फुसकं निघालं!" चाक ठणठणीत होतं. एएमएफ पॅनेलमध्ये, म्हणजे लाइट गेली की डीजी आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलमध्ये, डीजीला १० सेकंद थांबवणारा डिले तसाच होता. लाइट नुसती लपकली तर डीजी उगाच उठू नये, म्हणून बॅटरीच्या काळात ठेवलेला. पुढे वेग घेऊन लोड उचलायला ८. ही बेरीज पहिलीतलं पोरही करेल. मी डिले २ वर आणला आणि ऐरोलीला घरी जाऊन गार भात जेवलो.

तेव्हापासून मी चाकाआधी डीजी बघतो. स्टार्टरची बॅटरी नुसती मीटर लावून नाही, इंजिन मारताना व्होल्टेज किती खाली बसतं ते बघून. टेस्टचं बटण दाबून सही घेणारे मला आवडत नाहीत. खऱ्या लोडवर मेनचा ब्रेकर पाडा, हातात घड्याळ धरा.

चाकाचा वेग निम्मा झाला म्हणजे ऊर्जा निम्मी उरली, असं समजू नका. ती वेगाच्या वर्गाने घटते, उरतो चौथा हिस्सा.

पावसाळ्यात लाइट येते-जाते. चाक पुन्हा पूर्ण वेगात येईपर्यंत डीजी बंद करू नका.

चाक निर्वातात फिरतं; त्या व्हॅक्यूमचा अलार्म म्यूट करणाऱ्यांबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. व्हॅक्यूम पंपाचं तेल दुधाळ दिसलं की बदला.

आणि बंद केल्या केल्या कॅबिनेट उघडू नका. निर्वातात चाकाला अडवायला हवाच नसते, ते आत बराच वेळ फिरत राहतं. आवाज येईना म्हणून लगेच पान्हा काढणाऱ्या नवशिक्याला मी चहा प्यायला पाठवतो. परत आला की वेगाचा आकडा दाखवतो आणि पुन्हा पाठवतो.