स्वस्तातला पॉवर मीटर घेताय? आधी सायकलीशेजारी उकिडवे बसा

रविवारच्या राइडनंतर सिंहगडाच्या पायथ्याला चहा आला की कोणीतरी विचारतंच, "दादा, स्वस्तात स्वस्त पॉवर मीटर कुठला?" म्हणजे पाय किती वॉटचा जोर लावतात ते मोजणारं यंत्र. मी उलट विचारतो, "तुझ्या सायकलीला क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो हात, कुठला आहे?" उत्तर ठरलेलं: "शिमानो." हे उत्तर हँडलवरच्या, गिअर बदलायच्या शिफ्टरवरचं कंपनीचं नाव वाचून दिलेलं असतं. खाली वाकून क्रँककडे बघितलेलं नसतं कोणी.

हसत नाही, कारण हाच गाढवपणा मी स्वतः केलाय. माझ्या पहिल्या रोड बाइकचे शिफ्टर शिमानोच्या सोरा मालिकेतले, म्हणून शिमानोच्या डाव्या क्रँकवर बसवलेला मीटर मागवला, तोही अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेतून. रात्री साडेदहाला खोकं फोडलं. जुना डावा क्रँक काढायला बसलो, तर जिथे दोन आडवे बोल्ट दिसायला हवे होते तिथे मधोमध एकच. तो काढला, तर आत चौकोनी दांडा. सायकल बनवणाऱ्याने पैसे वाचवायला क्रँक तिसऱ्याच मेकचा, जुन्या पद्धतीचा घातला होता. माझ्या हातातल्या नव्या क्रँकला लागत होता २४ मिलिमीटर जाडीचा, खाचांचा पोकळ स्पिंडल, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणारा दांडा. वस्तू परत करायची मुदत मावसभावाच्या सुट्टीआधीच संपली. अखेर अख्खा क्रँकसेट आणि बॉटम ब्रॅकेट (स्पिंडल ज्यात फिरतो ते बेअरिंग) नवा घेतला, आणि स्वस्तातला मीटर पेडलमध्येच बसवलेल्या मीटरच्या भावात पडला.

तेव्हा उकिडवे बसा. शिमानोच्या क्रँकच्या आतल्या बाजूला नंबर कोरलेला असतो: एफसी-आर७००० म्हणजे १०५ नावाची मालिका. तिथेच लांबीही असते, १७० किंवा १७२.५ मिलिमीटर. हॉलोटेक २ (तीच २४ मिलिमीटर स्पिंडलची, दोन बोल्टची) पद्धत असेल तर १०५चा डावा क्रँक शिमानोच्याच टियाग्राच्या उजव्याशी जमतो. दुसऱ्या कंपनीचा, स्रॅमचा, डब स्पिंडल २८.९९ मिलिमीटरचा, त्याचा संसार वेगळा. आणि चौकोनी दांडा निघाला तर डाव्या क्रँकचा नाद सोडा, पेडलवाला मीटर बघा.

मग पेन्सिल घ्या. डावा क्रँक फिरवत त्याची पाठ आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) यांच्या फटीतून ती जाते का बघा, कारण सेन्सरची डबी तिथेच बसते. पेन्सिल अडकली तर विषय संपला. मी याला कॅलिपर वापरत नाही, आणि अजून फसलेलो नाही.

आता ‘एकाच बाजूचा घेतला तर चालतो ना?’ बहुतेकांना चालतो. पण तो काय करतो ते समजून घ्या: डाव्या पायाचे वॉट मोजतो आणि दुप्पट करून दाखवतो. तुम्ही खरे २०० वॉट मारताय आणि त्यात डाव्याचा वाटा ४६ टक्के असेल, तर डाव्याचे ९२, आणि स्क्रीनवर १८४. माझा डावा गुडघा दुखावला होता तेव्हा मी महिनाभर स्वतःला दुबळा समजत होतो. व्यायामाने डावा पाय सुधारला, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे वॉट) वाढलेला दिसला, मी खूश. सिंहगडाची वेळ मात्र होती तेवढीच. पायात जुनी दुखापत असेल तर थोडे थांबून दोन्ही पाय मोजणारा घ्या. फावेरोच्या असिओमा उनोसारख्या पेडलला दुसऱ्या बाजूचा सेन्सर नंतर जोडता येतो. मॅजीनसारख्यांचे स्पायडरवाले (उजवा क्रँक आणि पुढचं दातेरी चाक, म्हणजे चेनरिंग, यांना जोडणाऱ्या तुकड्यात बसणारे) मीटर दोन्ही पायांचा जोर एकत्र मोजतात, आणि त्या पैशात मला तोच सौदा बरा वाटतो. फक्त क्रँक आणि चेनरिंग दोन्ही त्याला जुळायला हवेत, आणि चेनरिंगचे बोल्ट हलवले की पुन्हा झिरो करायचा, म्हणजे पेडलवर जोर नसताना मीटरचा शून्य ठरवायचा.

झिरोचं तर बोलूच नका. मीटरमधले स्ट्रेन गेज धातू वाकतो किती ते मोजतात, आणि धातू तापमानाने बदलतो. तरी लोक डिसेंबरात पहाटे पाचला उबदार हॉलमध्ये झिरो करतात आणि थेट थंडीत बाहेर पडतात. काही जण तर बूट पेडलमध्ये अडकवून, वर वजन टाकून झिरो करतात! मी सायकल बाहेर उभी करतो, बाटल्या भरतो, टायरची हवा बघतो, आणि पंधरा मिनिटांनी, पेडलवर काही नसताना, बटण दाबतो. ज्याला एवढा धीर नाही त्याने मीटरचे पैसे नव्या टायरवर घालवावेत.

आकडा खरा वाटतोय का, हे मी घाटात बघतो. माणूस, सायकल, पाणी मिळून ८० किलो, ६०० मीटरची चढाई, ५० मिनिटं: नुसतं वजन वर न्यायलाच सरासरी १५७ वॉट लागतात. वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. मीटरची सरासरी १४० आली तर मीटर खोटं बोलतोय.

बाकी किरकोळ. पेडल मीटरच्या ॲपमध्ये क्रँकची लांबी नीट भरा. १७० ऐवजी १७२.५ टाकली तर दीड टक्क्याची चूक घरूनच निघते. मीटरचा आकडा बिनतारी पाठवायची अँट प्लस ही पद्धत आयफोनला कळत नाही, ब्लूटूथ हवंच. पावसाळ्यात बॅटरीच्या झाकणाचं रबर तपासा. नव्या पेडलना कुठले क्लीट (बुटाच्या तळाला लावायच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या) लागतात ते बघा, नाहीतर त्याचे पैसे वेगळे. हॉलोटेकचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळा, १२ ते १४ न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने. ‘हाताला अंदाज आहे’ हे मला सांगू नका.

आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. "बसतंय, बसतंय" म्हणत एका मित्राने जोर लावला होता. त्याचा आटे गेलेला क्रँक मी टॉर्क रेंचच्या खोक्यात ठेवलाय; रेंच मागायला कोणी आलं की आधी तो हातात देतो.