दवाखान्यात धूम्रपान सोडवताना

रुग्णाचे धूम्रपान सोडवण्यासाठी फॅमिली डॉक्टरला वेगळे केंद्र काढावे लागत नाही. मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लंडनमधील अभ्यासात, ज्यांना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे सल्ला व माहितीपत्रक दिले आणि पुढे चौकशी करू असे बजावले, त्यांपैकी ५.१ टक्के लोक वर्षभरानंतरही धूम्रपानापासून दूर होते; ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होते. आकडा लहान दिसतो खरा, पण रोज बाहेर रांग लागणाऱ्या दवाखान्याने तो वर्षभराच्या हिशोबात मांडून पाहावा.

रक्तदाबाशेजारीच केसपेपरवर तंबाखूची नोंद ठेवावी आणि कोणताही रुग्ण आला तरी हा प्रश्न विचारावा. मात्र तो एकांतात विचारावा, कारण वडिलांसमोर मुलगा आणि सुनेसमोर सासरे सहसा खरे सांगत नाहीत. सल्ला रुग्णाच्या तक्रारीला जोडलेला असावा: खोकला घेऊन आलेल्याला कर्करोगाची भीती घालण्यापेक्षा, बिडी थांबल्यावर हा खोकला कमी होईल, हे सांगितलेले अधिक पटते.

सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने पेटवता, या एका प्रश्नावरून व्यसनाची खोली बरीचशी कळते. अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याला तलफ भागवण्यासाठी निकोटिनचा (तंबाखूतील व्यसन लावणाऱ्या द्रव्याचा) ४ मिलिग्रॅमचा गम द्यावा, इतरांना २ मिलिग्रॅमचा पुरतो. गम नेहमीच्या च्युइंगगमसारखा चघळत राहिल्यास निकोटिन पोटात जाऊन उचकी व मळमळ होते. म्हणून चव तिखट लागताच तो गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवावा, चव गेली की पुन्हा चावावा, आणि आधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये, हे रुग्णाला प्रत्यक्ष समजावून द्यावे. बुप्रोपिऑन हे तलफ कमी करणारे औषध द्यायचे असल्यास ते धूम्रपान सोडण्यासाठी ठरवलेल्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करावे लागते आणि फिट येणाऱ्या रुग्णाला ते देऊ नये. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्याने धूम्रपान सोडले की रक्तातील औषधाची पातळी वाढते, त्यामुळे मात्रा पुन्हा तपासावी लागते; हे बऱ्याचदा नजरेतून सुटते.

तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि त्रास साधारण दोन ते चार आठवडे टिकतो. चिडचिड होईल, झोप मोडेल, हे रुग्ण व घरचे दोघांनाही आधीच सांगावे. बिडीशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये: निकोटिन थांबल्यावर बद्धकोष्ठता खरोखरच होते, आणि तिच्यावर वेळीच इलाज केला नाही तर चांगला निर्धार केलेला माणूसही सकाळी पुन्हा काडेपेटी शोधतो. बिडी सुटली पण मिश्री किंवा तंबाखू-चुना सुरू झाला, असे होत नाही ना, हेही विचारावे.

यानंतर महत्त्वाची ती पुढची भेट. पहिल्या आठवड्यातच रुग्णाला बोलवावे, नाही आला तर कंपाउंडरने फोन करावा, आणि तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही द्यावा. पुन्हा ओढायला लागलेल्या रुग्णाला रागावू नये, नाहीतर तो ताप आला तरी दुसऱ्या दवाखान्यात जाईल. ती बिडी कुठे, कोणाबरोबर पेटली ते नोंदवून त्याच भेटीत नवी तारीख ठरवावी.