ताटातले लोह आणि जस्त अंगी लागावे म्हणून

शरीराला ज्यांची रोजची गरज १०० मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते, त्या लोह, जस्त, तांबे, आयोडीन, सेलेनियम यांसारख्या खनिजांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. लोहावाचून रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आयोडीनवाचून थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक तयार होत नाही, आणि जस्त कमी पडले की मुलांची वाढ, जखमा भरून येणे आणि रोगप्रतिकार ही तिन्ही कामे रखडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील जवळपास ६९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कडधान्ये पिकवणाऱ्या राज्यात हे आकडे पाहून मन अस्वस्थ होते. रक्तक्षयाची सगळीच कारणे लोहाशी निगडित नसली, तरी लोहाची कमतरता हे त्यातले मोठे कारण आहे. कोणत्या पदार्थात किती लोह आहे याच्या याद्या आपण पुष्कळ वाचतो. त्याहून आधी विचारायचा प्रश्न असा की, ताटात वाढलेल्या लोहापैकी रक्तात किती पोहोचते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. शरीरातून रोज जाणारे लोह मात्र साधारण एक ते दोन मिलिग्रॅमच असते. एवढ्याशा भरपाईसाठी इतके जास्त लोह खावे लागते, कारण आपल्या धान्यप्रधान जेवणातील लोहाचा फार थोडा अंश आतड्यातून शोषला जातो. म्हणून लोह असलेला पदार्थ कसा शिजवला, कशासोबत खाल्ला आणि त्यानंतर काय प्यायले, यावर बरेच काही ठरते.

यातला मुख्य अडथळा फायटिक आम्लाचा आहे. धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांच्या दाण्यात ते असते आणि लोह व जस्त यांना घट्ट बांधून ठेवते. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे मुळात याच वाटेने लक्षात आले. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे काम करत असताना त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक तरुण आला, जो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. त्याचा आहार मुख्यतः न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता, मांस जवळपास नव्हते, आणि त्याला माती खाण्याची सवय होती. १९६१ मध्ये प्रसाद यांनी अशा रुग्णांमध्ये जस्ताची कमतरता असावी असा विचार मांडला आणि पुढे इजिप्तमधील अभ्यासातून त्याला दुजोरा मिळाला. आपली पोळी आणि भाकरीही न आंबवलेलीच असते, हे इथे ध्यानात ठेवावे.

हा अडथळा कमी करण्याचे उपाय आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत. ते पुरते करायला हवेत, एवढेच. मटकी, मूग किंवा चवळी रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास, भरपूर पाण्यात भिजवावी आणि ते पाणी ओतून टाकावे, कारण सुटलेले फायटिक आम्ल त्याच पाण्यात उतरलेले असते. मग दाणे स्वच्छ धुऊन ओलसर सुती फडक्यात सैलसर बांधून ठेवावेत. मोड फुटताना दाण्यातील फायटेज हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि उरलेले फायटिक आम्ल मोडू लागते. त्यामुळे मोड नुसते डोकावताच उसळ फोडणीला टाकण्याची घाई करू नये. मोड चांगले लांब होईपर्यंत थांबावे, उन्हाळ्यात पाण्याचा हबका मारत राहावे आणि वास आंबूस येऊ लागला तर मात्र ते दाणे वापरू नयेत. आंबवण्याचाही तसाच उपयोग होतो. नाचणीचे पीठ रात्री ताकात कालवून सकाळी केलेली आंबील ही पिठाच्या तडकाफडकी केलेल्या लापशीपेक्षा या दृष्टीने सरस आहे, आणि बाळासाठी सत्त्व करायचे असेल तर नाचणीला मोड आणून, सुकवून मगच दळावी.

बाजरीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. इक्रिसॅट ही हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेल्या ‘धनशक्ती’ या वाणात नेहमीच्या बाजरीपेक्षा लोह जास्त असते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना लोहयुक्त बाजरीची भाकरी दोन्ही वेळच्या जेवणात देऊन एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना आधीपासून लोहाची कमतरता होती, त्यांच्यात सहा महिन्यांत ती भरून निघण्याचे प्रमाण साध्या बाजरीच्या गटापेक्षा लक्षणीय जास्त होते. बियाणे घेताना किंवा गावात बाजरी विकत घेताना या वाणाची चौकशी जरूर करावी. भाकरीसोबत कच्चा कांदा घेण्याची सवयही सोडू नये. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील प्रयोगांत कांदा आणि लसूण यांच्यामुळे धान्य व डाळींतील लोह-जस्त अधिक प्रमाणात मोकळे होताना दिसले. ते प्रयोगशाळेतील निरीक्षण आहे, पण त्यासाठी वेगळा खर्च काहीच नाही.

दुसरी बाजू क जीवनसत्त्वाची. वनस्पतींतील लोहाचे शोषण त्याने वाढते, मात्र ते त्याच घासासोबत पोटात जायला हवे. सकाळी आवळा आणि रात्री पालक असा हिशेब जुळत नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने लिंबू गॅस बंद केल्यावर किंवा थेट ताटात पिळावे. कोशिंबीर, पेरू, आवळ्याचे ताजे लोणचे हेही चालेल. अळिवात लोह भरपूर असते, पण बाळंतिणीला अळिवाचा लाडू आणि दुधाचा पेला एकाच वेळी दिला की दुधातील कॅल्शियम त्या लोहाच्या आड येते, तेव्हा दोन्हींत अंतर ठेवावे. गुळावर फार भिस्त ठेवू नये. लहान खड्यातून मिळणारे लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असते.

चहाचे पथ्य मात्र सगळ्यांत आधी पाळावे, असे मी आग्रहाने सांगेन. जेवणासोबत घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते, आणि आपल्याकडे तर लहान मुलांनाही नाश्त्याला चहा-पोळी दिली जाते. चहा सोडवत नसेल तर जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास तो दूर ठेवावा. मुलांच्या पोळीसोबत चहाऐवजी चटणी, उसळ किंवा फळ द्यावे.

भांड्यांचाही उपयोग करून घेता येतो. चिंच किंवा आमसूल घातलेली आमटी लोखंडी कढईत शिजवली की त्यात लोह उतरते. शिजल्यावर ती दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर रंग काळा पडतो आणि चव बिघडते. तांब्या-पितळेच्या भांड्यात, कल्हई नसेल तर, ताक किंवा आमटी मुळीच ठेवू नये, कारण आंबटामुळे तांबे अन्नात उतरते आणि त्याने मळमळ व उलट्या होऊ शकतात.

जे सामिष खातात त्यांचे काम तुलनेने सोपे आहे. मटण, कलेजी, मासळी यांतील लोह सहज शोषले जाते आणि त्याच ताटातील भाजी-भाकरीतील लोहाच्या शोषणालाही हातभार लावते. कोकण-गोव्यातील कालवे हा जस्ताचा सर्वांत समृद्ध नैसर्गिक स्रोत मानला जातो. शाकाहारी घरांनी तीळ, भोपळ्याच्या बिया, काजू आणि मोडाची कडधान्ये यांवर भर द्यावा.

आयोडीनसाठी मिठाचे पाकीट वाचावे. भारतात ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन अपेक्षित आहे, तर प्रौढाची रोजची गरज १४० मायक्रोग्रॅम आणि गरोदर स्त्रीची २२० मायक्रोग्रॅम आहे. याचा अर्थ मीठ वाढवावे असा मुळीच नाही. दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा पाळूनच उरलेली गरज दूध, अंडी व मासळीतून भागवावी. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे. उपवासाचे सैंधव आणि मिठागरावरचे खडे मीठ यांत, पाकिटावर तसे लिहिलेले नसेल तर, पुरेसे आयोडीन नसते. त्यामुळे आरोग्यदायी म्हणून सैंधव रोजच्या वापरात आणणे मला, विशेषतः गरोदर स्त्री असलेल्या घरात, धोक्याचे वाटते.

सूक्ष्म खनिजांचा अतिरेकही बाधतो. चंद्रपूर, यवतमाळ भागांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त असून त्याने दात व हाडे बिघडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, म्हणून विंधनविहिरीचे पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅमची आहे. जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ मनाने घेतल्यास शरीरातील तांबे कमी होते. लोहाच्या गोळ्याही तपासणीवाचून महिनोन्‌महिने घेऊ नयेत, कारण रक्तक्षयाचे कारण लोहाची कमतरता नसून थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार असू शकते, किंवा नंदुरबार-गडचिरोलीत आढळतो तसा सिकलसेल आजार असू शकतो. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी केली तर शरीरातला लोहाचा साठा कळतो.

गरोदरपणात मात्र आरोग्यसेविकेने दिलेल्या गोळ्या, म्हणजे रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, १८० दिवस नेमाने घ्याव्यात. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, आणि शौचाला काळे होऊ लागले म्हणून बंद करू नये. मुलाला जुलाब झाल्यास ओआरएससोबत जस्ताची गोळी सहा महिन्यांवरील बाळाला २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम अशी रोज १४ दिवस देतात. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले तरी ती पूर्ण १४ दिवस द्यावी, कारण त्यामुळे पुढील दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.