चप्पल बसेना पायात: एका सुजेवरून शरीर शिकताना

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं पुस्तक हातात आलं तेव्हा मला धडकी भरली होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातलं माझं गाव. बारावी कला शाखेतून, तीही मराठी माध्यमातून करून मी जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सला आले होते. हृदय एका प्रकरणात, मूत्रपिंडं दुसऱ्यात, यकृत तिसऱ्यात, असं मी एकेक करून पाठ केलं आणि परीक्षा पासही झाले. मग मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागलं. पहिल्याच आठवड्यात एक आजी म्हणाल्या, "सिस्टर, आठ दिवस झाले, चप्पल बसत नाही पायात." हे कुठल्या प्रकरणातलं, तेच मला कळेना.

पेशंट प्रकरण घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो. म्हणून नव्याने शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी सांगते, एक तक्रार धरा आणि ती शरीरात कुठून कुठे जाते ते शोधत जा. मी सूज धरली.

आमच्याकडे धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, एका बाजूने पाणी येतं, दुसऱ्या बाजूने निघतं. शरीरातही तसंच चालतं. केशवाहिन्यांमधून रक्तातलं थोडं पाणी सतत पेशींभोवती झिरपतं. हृदयाकडून येणारा दाब त्याला बाहेर ढकलतो, तर रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन त्याला आत धरून ठेवतं. तरीही जे बाहेर राहतं ते लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडतात. अर्न्स्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने दाबांचा हा हिशेब १८९६ साली मांडला. दाब वाढला, अल्ब्युमिन घटलं, वाहिनीची भिंत गळकी झाली किंवा लसीकेची वाट बुजली, की बांधी तुंबते. सुजेचं कुठलंही कारण या चारांपैकी कशात तरी बसतं. एकेका पेशंटमध्ये दोन-दोन कारणंही सापडतात.

त्या आजींचं हृदय थकलेलं होतं. निरोगी हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. ते कमी पडलं की शिरांमध्ये रक्त साचतं, दाब वाढतो आणि पाणी पायात उतरतं. म्हणून ही सूज संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. पण आजींना औषध दिलं जात होतं लॅसिक्स, आणि ते काम करतं मूत्रपिंडावर. आजार हृदयाचा आणि औषध मूत्रपिंडाचं, हे कसं? मी इंचार्ज सिस्टरांना विचारलं. त्यांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून दाखवलं.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड लिटरच्या आसपास लघवी म्हणून सोडतात, बाकी सगळं परत घेतात. हृदय कमजोर झालं की मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं. शरीरात पाणीच कमी झालंय असं समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. साचलेल्या पाण्यात आणखी पाण्याची भर पडते. लॅसिक्स हे धरून ठेवणं थांबवतं. त्या दिवशी माझ्या डोक्यातली दोन प्रकरणं पहिल्यांदा एकमेकांना भेटली.

यातूनच वजनाचं महत्त्व कळलं. अंगठा दाबल्यावर खळगा पडेल इतकी सूज दिसेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर पाणी आधीच साचलेलं असू शकतं. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे डोळ्यांआधी काटा बोलतो. वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर घ्या. इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे पाणी किती पोटात गेलं आणि लघवी किती झाली याची नोंद, अंदाजाने भरू नका. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण डॉक्टर त्या आकड्यांवर औषधाचा डोस ठरवत असतात.

बालरोग वॉर्डात उलटं चित्र दिसलं. एका लहान मुलाचे डोळे सकाळी उठल्यावर सुजलेले असत, दुपारपर्यंत उतरत. घरच्यांना वाटलं डोळे आलेत. निघाला नेफ्रॉटिक सिंड्रोम. या आजारात मूत्रपिंडाची चाळणी अल्ब्युमिन गळू देते आणि रक्तात पाणी धरून ठेवणारंच कोणी उरत नाही. प्रॅक्टिकलला आपण लघवी परीक्षानळीत तापवतो ती चाचणी आठवा. वरचा भाग तापवल्यावर पांढरा गढूळपणा येतो. ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकल्यावर तो गेला तर फॉस्फेट, राहिला तर प्रथिन. अंड्याचा पांढरा बलक शिजल्यावर घट्ट होतो, तसंच हे. आता पट्टीने झटपट कळतं, पण ती नळी एकदा स्वतःच्या हाताने तापवा, विसरणार नाही.

अल्ब्युमिन तयार होतं यकृतात. सिरोसिसमध्ये ते कमी बनतं, शिवाय यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत दाब वाढतो. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पाण्याने टम्म असा पेशंट दिसतो.

हत्तीरोग आमच्या पूर्व विदर्भातला जुना. क्युलेक्स डासामार्फत आलेल्या जंतांनी लसीकावाहिन्या निकामी होतात. या जंतांची पिल्लं रक्तात रात्री दिसतात, म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार फिरून रक्तनमुने घेतात. जुन्या हत्तीपायात अंगठा दाबला तरी खळगा पडत नाही, कातडी जाड झालेली असते. अशा माणसाला पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला शिकवणं हे मोठं काम आहे. जंतुसंसर्गाचे तापाचे झटके त्याने कमी होतात.

आता एक चूक सांगते, ती माझी होती. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या एका बाबांचे पाय मी दाबून पाहिले आणि नोंद केली, 'सूज नाही'. इंचार्ज सिस्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं आणि माकडहाडाच्या वर अंगठा ठेवला. खोल खळगा पडला. पाणी उताराला जातं, आणि झोपून असलेल्या माणसाचा उतार पाठीकडे असतो. आपण पाहिलंच नाही तर कातडी ताणून तिथेच बेडसोर होतो. मला ते फार लागलं होतं. तेव्हापासून मी आधी पेशंट कसा झोपतो ते विचारते, मग बोट लावते.

एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी आणि गरम असेल तर मात्र थांबा. शिरेत गुठळी असू शकते. घरचे तेल लावून चोळत असतील तर ताबडतोब थांबवा, गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. बाळंतिणी आणि ऑपरेशन झालेले पेशंट यांच्याबाबत विशेष जागरूक राहा. गरोदर बाईच्या बांगड्या रुतू लागल्या, चेहरा सुजला, तर आधी बीपी घ्या. १४०/९० किंवा त्यावर असेल तर लगेच कळवायचं.

इंग्रजी शब्दांची भीती तुकडे पाडल्यावर जाते. 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'हिपॅट' म्हणजे यकृत, शेवटी 'युरिया' आलं की लघवी, 'ईमिया' आलं की रक्त. समोर पेशंटची बोली लिहा: जोडवी रुततात, दोन उशांशिवाय झोप येत नाही, पोट फुगलंय. मराठी माध्यमाच्या मुलांना हे शब्द आधीच येतात, ही जमेची बाजू माना.

आणि पेशंटच्या पिशवीतल्या गोळ्या बघा. बीपीसाठी दिलेल्या ॲम्लोडिपिननेही घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करायला सांगू नका, नाव आणि डोस केसपेपरवर लिहा आणि राउंडला डॉक्टरांच्या कानावर घाला.